रुग्णालयीन रुग्णातील साचलेला कफ : ओळख आणि उपक्रम

आयुर्वेदाच्या पदवीधरांपैकी अनेक जण आज खाजगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आहेत. दिवसा तज्ज्ञ मंडळी हजर असतात. रात्रपाळी मात्र बहुधा आपल्या वैद्यबंधू-भगिनींकडेच येते. रात्री दोन-तीनच्या सुमारास वॉर्डातून जे निरोप येतात, त्यांत "अमुक खाटेवरच्या पेशंटच्या छातीत घरघर होतेय" हा निरोप हमखास असतो. त्यावर एक नेब्युलायझेशन, एक कफाचे औषध आणि सकाळी एक्स-रे, हे ठरलेले उत्तर दिले जाते. कित्येकदा तेवढ्याने भागतेही. परंतु ज्या रुग्णाचे भागत नाही, त्याची सकाळ अतिदक्षता विभागात उजाडते. अशा रुग्णाला वेळेवर कसे ओळखावे आणि हाताशी असलेल्या साधनांनी काय करावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

आमचे मुख्य प्रतिपादन आरंभीच मांडतो. रुग्णालयातील रुग्णाच्या श्वासमार्गात साचलेला कफ हा बहुतांशी कफ वाढल्याचा विकार नसून कफ बाहेर टाकण्याची शक्ती खचल्याचा विकार असतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर येथे कफाची वृद्धी गौण आणि उदान वायूची दुर्बलता प्रधान असते. हे एकदा ध्यानी घेतले की चिकित्सेचा क्रमच बदलतो. कफ सुकविणारी औषधे मागे पडतात आणि रुग्णाला उठवून बसविणे पुढे येते.

कफ साचतो कसा

निरोगी प्रौढाच्या श्वासमार्गातही श्लेष्मल स्राव रोज तयार होतच असतो. त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १० ते १०० मिलिलिटर इतके सांगितले जाते आणि त्याचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. श्वासनलिकांच्या अस्तरावर सिलिया या नावाचे अतिसूक्ष्म रोम असतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हेलकावे घेत ते या स्रावाचा पातळ थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने कंठाकडे सरकवीत राहतात. तेथे आलेला स्राव आपण नकळत गिळून टाकतो. हे काम अहोरात्र चालते आणि आपल्या लक्षातही येत नाही. स्राव वाढला किंवा घट्ट झाला, तरच खोकल्याची गरज पडते.

खोकला ही वाटते तितकी साधी क्रिया नाही. प्रथम दीर्घ श्वास आत घ्यावा लागतो. मग स्वरयंत्राचे दार क्षणभर, म्हणजे सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा, घट्ट मिटते. तेवढ्यात पोटाचे स्नायू जोराने आवळले जातात आणि दार उघडताच कोंडलेली हवा कफासह वेगाने बाहेर पडते. दीर्घ श्वास, मिटलेले दार आणि पोटाचा जोर या तिन्हींपैकी एक जरी उणे असले तरी खोकला आवाजापुरताच उरतो. हा बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग मोजताही येतो. तो मिनिटाला १६० लिटरहून कमी असेल, तर तो खोकला कफ बाहेर काढण्यास पुरेसा नाही असे मानले जाते.

आता रुग्णालयात काय घडते ते पाहू. पोटाच्या वरच्या भागात शस्त्रक्रिया झाली की पूर्ण श्वास घेण्याची क्षमता पहिल्या एक-दोन दिवसांत निम्म्यापर्यंत उतरते. टाक्यांच्या वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. वेदनाशामक म्हणून दिलेली अफूवर्गीय औषधे खोकल्याची संवेदनाच बोथट करतात. पक्षाघाताच्या रुग्णात स्वरयंत्राचे दार नीट मिटत नाही. उताणे निजल्याने फुप्फुसांचे खालचे व मागचे भाग दबलेले राहतात. नळकांड्यातून येणारा ऑक्सिजन कोरडा ठणठणीत असतो. नाक व घसा यांना वळसा घालून तो थेट श्वासनलिकेत सोडला, तर सिलियांची हालचाल मंदावते आणि स्राव चिकट होतो. वर्षानुवर्षे बिडी ओढलेल्या माणसात हे रोम आधीच निकामी झालेले असतात. म्हणजे एकीकडे नेहमीचा स्राव घट्ट होत जातो आणि दुसरीकडे तो हलविणारे प्रत्येक साधन पांगळे होते. संप्राप्तीतील स्रोतोरोध हा घटक येथे अक्षरशः डोळ्यांनी पाहावा इतका स्थूल असतो.

लंडनचे विल्यम पाश्चर (जंतुशास्त्रज्ञ लुई पाश्चर हे वेगळे) यांनी १९१० साली 'लॅन्सेट'मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा अख्खा खंड मिटून जाण्याचे वर्णन केले. त्यांचा भर संसर्गावर नव्हता. श्वास आत ओढण्याची शक्ती कमी पडते, या गोष्टीवर होता. शंभराहून अधिक वर्षांनंतरही वॉर्डातील केसपेपरवर प्रतिजैविकाचे नाव ठळक असते आणि "रुग्णाला बसवावे" ही सूचना असलीच तर कोपऱ्यात असते, हे आम्हास खेदाने नोंदवावेसे वाटते.

ओळख : कानाआधी डोळे आणि हात

घरघर ऐकू येते म्हणून कफ, इतके हे सरळ नाही. प्रथम रुग्णाकडे पाहावे. श्वासाची गती मिनिटास किती आहे, हे घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजावे. चार्टवर सर्व रुग्णांची गती एकसारखीच लिहिलेली आढळते, तिच्यावर विसंबू नये. गती पंचविशीच्या पुढे गेली असेल, मानेचे स्नायू ताणले जात असतील, नाकपुड्या फुलत असतील, तर ऑक्सिजनचा आकडा चांगला असला तरी रुग्ण अडचणीत आहे. ऑक्सिजन चालू असताना पल्स ऑक्सिमीटरचा आकडा बराच काळ समाधानकारक राहतो आणि मग एकाएकी कोसळतो, ही गोष्ट नव्या निवासी वैद्यांना आवर्जून सांगावी लागते.

मग रुग्णाशी बोलावे. एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येते काय? आवाज नेहमीसारखा आहे की ओला, गुळगुळीत, पाण्यातून आल्यासारखा? वाक्प्रवृत्ती, प्रयत्न आणि बल ही उदानाची कर्मे म्हणून आपण पाठ केलेली आहेत. ज्याचे बोलणे खुंटले त्याचा खोकलाही खुंटलेला असतो, हे त्या पाठांतराचे खाटेजवळचे रूप होय. यानंतर रुग्णास खोकण्यास सांगावे आणि तो खोकला लक्षपूर्वक ऐकावा. ओला पण जोरकस खोकला असलेला रुग्ण स्वतःचा कफ स्वतः काढू शकतो. ओला आणि दुबळा खोकला ही खरी धोक्याची खूण आहे.

स्पर्शन परीक्षेस आम्ही विशेष महत्त्व देतो. दोन्ही तळहात छातीवर सपाट ठेवून रुग्णास दीर्घ श्वास घेण्यास सांगितले असता मोठ्या श्वासनलिकांतील कफाची खरखर हातास जाणवते. ती कोणत्या बाजूस अधिक आहे आणि छातीची कोणती बाजू कमी उचलली जाते, हे त्याच वेळी कळते. परिचारिकेला, किंबहुना रुग्णाच्या सोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही ही परीक्षा दोन मिनिटांत शिकविता येते.

श्रवणपरीक्षेत चार गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. केवळ घशाशी साचलेली लाळ असेल तर आवाज दुरूनही ऐकू येतो, पण स्टेथोस्कोप छातीच्या तळाशी ठेवल्यास तो क्षीण होत जातो. अशा रुग्णाचे मूळ दुखणे गिळण्यातील दोषात असते. मोठ्या श्वासनलिकांतील कफाचा आवाज जाडाभरडा असतो आणि खोकल्यानंतर तो बदलतो किंवा जागा सोडतो. हीच त्याची निर्णायक खूण. हृदयाच्या दुर्बलतेमुळे फुप्फुसांत पाणी साचले असेल तर दोन्ही तळांशी बारीक चुरचुर ऐकू येते. ती खोकल्याने बदलत नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या असतात, थुंकी फेसाळ असते. येथे सक्शनची नळी घालत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय. चौथा आवाज शिट्टीसारखा, उच्छ्वास लांबविणारा. तो श्वासनलिकांच्या आकुंचनाचा असून नेब्युलायझरचा खरा उपयोग त्यातच होतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे आवाज नसणे. कफाचा बोळा मोठ्या नलिकेत घट्ट बसला की तिच्या पलीकडे हवाच जात नाही. मग घरघरही थांबते. आमच्या पाहण्यातील एक रुग्ण येथे सांगण्यासारखा आहे. वय अठ्ठावन्न, बिडीचे जुने व्यसन, आतड्याला छिद्र पडल्याने तातडीची शस्त्रक्रिया झालेली. तिसऱ्या रात्री एक वाजेपर्यंत घरघर चालू होती आणि नंतर ती थांबली. "आता शांत आहे, झोप लागलीय" असे सोबतच्या मुलाने समाधानाने सांगितले. प्रत्यक्षात श्वासाची गती मिनिटास चौतीस होती, छातीची डावी बाजू उचलली जात नव्हती आणि डाव्या तळाशी श्वासध्वनी ऐकूच येत नव्हता. त्या जागी आकोठन केले असता मंद ध्वनी मिळाला आणि गळ्याच्या खाचेत बोट ठेवले असता श्वासनलिका किंचित डावीकडे ओढलेली होती. हे शेवटचे लक्षण फार मोलाचे आहे. खंड मिटला की श्वासनलिका रोगाच्या बाजूस ओढली जाते. फुप्फुसाभोवती भरपूर पाणी साचले असता ती विरुद्ध बाजूस ढकलली जाते. फुप्फुसाबाहेर हवा कोंडली असता तीही विरुद्ध बाजूस ढकलली जाते, मात्र तेव्हा आकोठनाचा ध्वनी मंद नसून पोकळ येतो. या रुग्णास वेदनाशामक देऊन अर्ध्या तासाने खाटेच्या कडेला बसविले आणि पुढे वर्णन केलेल्या पद्धतीने खाकरविले. पाऊण तासाच्या प्रयत्नानंतर तपकिरी, रबरासारखा चिवट असा बोटाएवढा बेडका बाहेर पडला. पहाटेपर्यंत श्वासाची गती चोवीसवर आली. कृत्रिम श्वसनाची गरज पडली नाही.

कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण बोलू शकत नाही, तेव्हा यंत्रालाच विचारावे. श्वासाच्या प्रवाहाचा आलेख गुळगुळीत न राहता करवतीच्या दात्यांसारखा दिसू लागला, अथवा श्वास आत ढकलताना लागणारा सर्वोच्च दाब वाढला पण श्वास रोखून मोजलेला दाब पूर्वीइतकाच राहिला, तर नळीत किंवा मोठ्या नलिकांत स्राव अडकल्याचा संशय घ्यावा.

उपक्रम

पहिला उपक्रम म्हणजे रुग्णाची स्थिती बदलणे. खाटेचे डोके तीस ते पंचेचाळीस अंश उचलून ठेवावे. रुग्ण घसरून खाली येतो आणि त्याचे पोट दुमडते. तेव्हा केवळ खाट उचलून न थांबता रुग्णालाही वर ओढून घ्यावे. बंदी नसेल तर त्याला खुर्चीत बसवावे. एका बाजूचे फुप्फुस बिघडले असेल तर चांगली बाजू खाली व बिघडलेली वर अशा कुशीवर निजविल्यास प्रौढ रुग्णात बहुधा ऑक्सिजनही सुधारतो आणि कफालाही बाहेरची वाट मिळते. दर दोन तासांनी कूस बदलणे हे केवळ पाठीच्या जखमा टाळण्यासाठी नसते.

दुसरा उपक्रम वेदनेचा. वेदना शमल्याशिवाय कोणीही खोकणार नाही आणि वेदनाशामकाने गुंगी आली तरीही खोकणार नाही. या दोहोंमधली वाट पॅरासिटामॉलसारखी औषधे नियमित वेळी देऊन व अफूवर्गीय औषधांची मात्रा मोजकी ठेवून साधता येते. औषध दिल्यानंतर अर्ध्या तासाने कफ काढण्याचा प्रयत्न करावा. त्याआधी रुग्णाला छळू नये.

तिसरा उपक्रम ओलाव्याचा. शरीरातील जलांश कमी झाला असल्यास तो भरून काढावा. पण गरजेपेक्षा अधिक सलाईन दिल्याने कफ अधिक पातळ होत नाही, उलट दुर्बल हृदयावर भार मात्र पडतो. नाकातील नळीने मिनिटास चार लिटरपर्यंत ऑक्सिजन चालू असेल तर ओलाव्याची वेगळी सोय बहुधा लागत नाही. गळ्यातील छिद्रावाटे श्वास घेणाऱ्या रुग्णास मात्र ती अत्यावश्यक असते. पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत नेलेला ऑक्सिजन थंडच राहतो आणि फारसा ओलावा वाहून नेत नाही. त्यातच ती बाटली कोरडी पडलेली असणे किंवा नळाच्या पाण्याने भरलेली असणे, हे दृश्य आजही दुर्मीळ नाही. खारट द्रवाचे नेब्युलायझेशन उपयुक्त ठरते. तीव्र म्हणजे तीन टक्क्यांच्या खारट द्रवाने अथवा ॲसिटिलसिस्टीनने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. म्हणून आधी साल्ब्युटामॉल द्यावे आणि रुग्णाजवळ थांबावे. नेब्युलायझेशन संपले की काम संपले, अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः तेथे काम सुरू होते, कारण सैल झालेला कफ कोणीतरी बाहेर काढायचा असतो.

तो काढण्याची जी पद्धत आम्हांस सर्वांत परिणामकारक वाटते, ती साधी आहे. रुग्णास पुढे किंचित झुकवून बसवावे. पोटावर टाके असतील तर घडी केलेली चादर किंवा उशी दोन्ही हातांनी टाक्यांवर घट्ट धरायला सांगावी. प्रथम तीन-चार संथ, खोल श्वास; प्रत्येक श्वास भरल्यावर दोन-तीन सेकंद थांबणे. मग थोडा वेळ नेहमीचा श्वास. त्यानंतर चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर 'हा' करून वाफ सोडतो, तसा उघड्या तोंडाने 'हा' करीत श्वास जोराने सोडावा. मध्यम श्वास घेऊन लांब सोडलेला 'हा' खोलवरचा कफ सरकवितो. मोठा श्वास घेऊन आखूड सोडलेला 'हा' वर आलेला कफ घशापर्यंत आणतो. शेवटी एक-दोनदाच खोकावे. सारखे खोकत राहिल्याने रुग्ण थकतो आणि लहान नलिका मिटतात. ही आवर्तने दहा-पंधरा मिनिटे, जागेपणी दर दोन-तीन तासांनी करवावीत. तीन चेंडूंचे श्वसनयंत्र दिले असेल तर ते ओढायचे आहे, फुंकायचे नाही, हे प्रत्यक्ष करवून दाखवावे. निम्मे रुग्ण ते फुंकत असतात असा आमचा अनुभव आहे.

हे सर्व शस्त्रक्रियेनंतर, वेदनेत आणि गुंगीत शिकविणे कठीण जाते. म्हणून ते आधी शिकवावे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे पोटाच्या मोठ्या नियोजित शस्त्रक्रियेच्या ४४१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी भौतिकोपचारतज्ज्ञाने केवळ ३० मिनिटे समजावून शिकविल्याने फुप्फुसांचे उपद्रव निम्म्यावर आले. अर्ध्या तासाच्या बोलण्याने एवढे साधणारे औषध कोणत्या कपाटात आहे, हा प्रश्न आम्हांस पडतो. भरतीच्या वेळचा इतिहास लिहून घेताना निवासी वैद्याने हे काम सहज करावे.

पाठीवर थापट्या मारण्याचा उपाय सर्वांस ठाऊक आहे. तो पूर्णपणे टाकाऊ नाही, पण बरगडी मोडलेली असता, थुंकीतून रक्त पडत असता, हाडे ठिसूळ असता किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असता तो टाळावा. डोके खाली करून कफ निथळविणेही पक्षाघाताच्या व ताज्या शस्त्रक्रियेच्या रुग्णात धोक्याचे आहे.

सक्शन हा शेवटचा उपाय आहे आणि तो "दर दोन तासांनी" असा ठरवून न देता गरजेप्रमाणे करावा. आधी अर्धा ते एक मिनिट अधिक ऑक्सिजन द्यावा. आत घालावयाची नळी ही श्वासमार्गातील नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावी. आठ मिलिमीटरच्या नळीस बारा नंबरची पुरते. नळी आत जाताना ओढ बंद ठेवावी, बाहेर काढतानाच चालू करावी आणि एक फेरी पंधरा सेकंदांत संपवावी. नाडी एकाएकी मंद झाली तर तत्काळ थांबावे. नळीत दर वेळी सलाईनचे थेंब सोडण्याची जुनी प्रथा आता सोडून देण्यास सांगितले जाते. कवटीच्या तळाशी अस्थिभंग असल्यास नाकातून नळी कदापि घालू नये. आणि तोंडाची स्वच्छता विसरू नये. दातांवरील किटण व त्यातील जंतू लाळेबरोबर खाली उतरतात, म्हणून बेशुद्ध रुग्णाचेही दात मऊ ब्रशने घासावेत.

मिटलेला खंड उघडण्यासाठी लगेच दुर्बिणीची तपासणी करावी काय? अमेरिकेत १९७९ साली ३१ रुग्णांत या दोन मार्गांची तुलना करण्यात आली. त्या वेळी नेटाने केलेल्या श्वसनोपचारापेक्षा दुर्बिणीचा निकाल सरस आढळला नाही. श्वसनोपचार मनापासून करूनही यश आले नाही, किंवा अख्खे फुप्फुस मिटले असून रुग्ण ढासळत आहे, तेव्हा दुर्बिणीची वेळ येते.

आपली औषधे आणि काही सावधगिरी

चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा सतरावा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. तेथे प्रथम लवणयुक्त तेलाचा अभ्यंग, मग स्निग्ध स्वेदन, त्याने कफ सुटा झाल्यावर शोधन असा क्रम आहे. ज्याचा कफ उत्क्लेशित झालेला नाही, ज्याला स्वेदन घडलेले नाही आणि जो दुर्बल आहे, अशा रुग्णास शोधन दिल्यास प्राणावर बेतते, असा स्पष्ट इशाराही तेथेच आहे. हिमाची उपमा सर्वांस पाठ असते. हा इशारा मात्र अनेकांच्या स्मरणात नसतो. रुग्णालयातील आपला रुग्ण नेमका याच वर्गातला, दुर्बल आणि वातप्रधान. त्यास वमन वर्ज्यच. रूक्ष-तीक्ष्ण द्रव्यांचा माराही नको.

वासा हे द्रव्य येथे मोलाचे आहे. आधुनिक वैद्यकातील ब्रोमहेक्झीन हे अडुळशातील व्हॅसिसीन या घटकाच्या आधारे तयार झाले आणि अँब्रोक्सॉल त्याच कुळातले. मात्र यांपैकी एकही औषध खोकण्याचे बल देत नाही. यष्टिमधू स्निग्ध व कंठ्य खरे, परंतु ते अधिक दिवस दिल्यास शरीरात पाणी व सोडियम साठते आणि पोटॅशियम घटते. रुग्ण लघवी वाढविणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेत असल्यास त्यापासून दूर राहावे. पिप्पली व मरिच यांतील पायपरीन फेनिटॉइन, थिओफिलीन यांसारख्या औषधांची रक्तातील मात्रा वाढवू शकते. आसव-अरिष्टांत मद्यांश असतो. यकृताच्या रुग्णात त्याचा विचार व्हावा. आपण काय देतो आहोत ते उपचार करणाऱ्या तज्ज्ञास सांगून, केसपेपरवर लिहून द्यावे.

यापुढील सूचना आम्ही काहीशा आग्रहाने करतो. गुंगीत असलेल्या किंवा गिळण्याचा दोष असलेल्या रुग्णास मधात कालविलेले सितोपलादी चूर्ण चाटविण्याचा प्रकार नातेवाईक प्रेमापोटी, रात्रीच्या अंधारात करतात. ते चूर्ण श्वासनलिकेत जाते. पक्षाघाताच्या रुग्णाची गिळण्याची परीक्षा होईपर्यंत तोंडाने काहीही, औषधसुद्धा, देऊ नये. अशाच रुग्णात तैलाचे नस्य किंवा तुपाचे थेंब नाकात सोडू नयेत. फुप्फुसात उतरलेला स्नेह तेथे दीर्घकाळ टिकणारा न्यूमोनिया निर्माण करतो. कोणताही काढा अथवा अर्क नेब्युलायझरमध्ये घालू नये. ते द्रव निर्जंतुक नसतात. धूमपान व धूपन हे शास्त्रोक्त असले तरी ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ठिणगीसुद्धा नको. उकळत्या पाण्याच्या वाफाऱ्याने भाजण्याचे प्रकार २०२०-२१ च्या साथीत सर्वत्र घडले. अशक्त, थरथरत्या हातांच्या रुग्णासमोर ते भांडे ठेवूच नये. छातीस कोमट तिळतेल व सैंधव लावून सौम्य शेक देणे रुग्णास सुखावते. मात्र मधुमेहाने किंवा पाठीतील भुलीने त्वचा बधिर झालेली असल्यास तोही टाळावा आणि तो वरील उपक्रमांच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीस असावा. खोकला दाबणारी कोडीनयुक्त औषधे आणि स्राव सुकविणारी सर्दीची औषधे ही तर या रुग्णाची उघड शत्रू होत.

तज्ज्ञास झोपेतून उठवावे की सकाळची वाट पाहावी, असा पेच रात्री पडतो. श्वासाची गती तिशीपुढे गेली, ऑक्सिजन वाढवूनही आकडा घसरत चालला, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा पेंगू लागला, एका बाजूचा श्वासध्वनी नाहीसा झाला, यांपैकी एकही दिसले तर फोन करावा. पेंगणे हे विशेष. जुन्या दमेकऱ्यात अथवा धूम्रपानाने फुप्फुसे खराब झालेल्यात ते कार्बन डायऑक्साइड साठल्याचे चिन्ह असते. अशा रुग्णात ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखावा, शंभराचा हट्ट धरू नये.

एका रुग्णवर्गास मात्र वरील बहुतेक विवेचन लागू नाही. आयुष्याच्या अखेरच्या तासांत, शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या घशात जी घरघर होते, ती त्याला जाणवत असण्याची शक्यता फार कमी असते. त्रास होतो तो भोवती बसलेल्या मुलाबाळांना. तेथे वारंवार सक्शनची नळी घालणे निर्दयपणाचे आहे. रुग्णास कुशीवर वळवावे, डोके थोडे उंच ठेवावे, तोंड ओल्या कापसाने पुसत राहावे. तज्ज्ञांच्या सल्ल्याने ग्लायकोपायरोलेटसारखे स्राव कमी करणारे औषध देता येते. जे औषध इतर सर्व रुग्णांत आपण टाळतो, ते येथे योग्य ठरते. नातेवाइकांना बाजूला घेऊन, हा आवाज गुदमरण्याचा नसून घशातल्या ओलाव्याचा आहे, असे शांतपणे सांगावे आणि त्यांना पुन्हा रुग्णाजवळ बसू द्यावे.